२०२४ १९ वर्षांखालील क्रिकेट विश्वचषक

२०२४ १९ वर्षांखालील पुरुष क्रिकेट विश्वचषक ही आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने (आयसीसी) आयोजित केलेली युवा खेळाडूंची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा होती. ही या स्पर्धेची पंधरावी आवृत्ती असून ती १९ जानेवारी ते ११ फेब्रुवारी २०२४ या काळात दक्षिण आफ्रिकेत पार पडली. सोळा देशांच्या संघांनी भाग घेतलेल्या या स्पर्धेत एकूण ४१ सामने ठरवण्यात आले होते. बेनोनी येथे झालेल्या अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाने गतविजेत्या भारताचा ७९ धावांनी पराभव करून चौथ्यांदा विजेतेपद मिळवले.

महाराष्ट्राच्या दृष्टीने ही स्पर्धा विशेष ठरली. भारताच्या संघात मुंबईचा मुशीर खान, सोलापूरचा अर्शिन कुलकर्णी आणि बीडचा सचिन धस असे राज्यातील तीन खेळाडू होते, तर प्रशिक्षकपदी पुण्याचे हृषीकेश कानिटकर होते. यजमान दक्षिण आफ्रिकेविरुद्धच्या उपांत्य सामन्यात ४ बाद ३२ अशा अवस्थेतून भारताला सावरणारी सचिन धसची ९६ धावांची खेळी स्पर्धेतील महत्त्वाच्या खेळींपैकी एक होती. प्रथम श्रेणी क्रिकेटचे केंद्र नसलेल्या मराठवाड्यातील जिल्ह्यातून या स्पर्धेपर्यंत पोहोचलेला खेळाडू म्हणून त्याच्या कामगिरीची नोंद घेतली गेली.

## थोडक्यात माहिती

- तारखा : १९ जानेवारी – ११ फेब्रुवारी २०२४
- यजमान : दक्षिण आफ्रिका
- सहभागी संघ : १६
- सामन्यांचा प्रकार : प्रत्येकी ५० षटके
- विजेता : ऑस्ट्रेलिया (चौथे विजेतेपद)
- उपविजेता : भारत
- मालिकावीर : क्वेना मफाका (दक्षिण आफ्रिका)
- सर्वाधिक धावा : उदय सहारन (भारत), ३९७
- सर्वाधिक बळी : क्वेना मफाका (दक्षिण आफ्रिका), २१

## पार्श्वभूमी

१९ वर्षांखालील विश्वचषक प्रथम १९८८ मध्ये ऑस्ट्रेलियात युवा विश्वचषक म्हणून खेळला गेला. त्यानंतर दहा वर्षे ही स्पर्धा झाली नाही. १९९८ मध्ये दक्षिण आफ्रिकेत ती पुन्हा सुरू झाली आणि तेव्हापासून दर दोन वर्षांनी ती नियमित भरवली जाते. या स्पर्धेतून पुढे आलेले अनेक खेळाडू आपापल्या देशांच्या वरिष्ठ संघांत पोहोचले. त्यामुळे या स्पर्धेकडे केवळ कनिष्ठ गटाची स्पर्धा म्हणून न पाहता पुढील पिढीची पहिली ओळख म्हणून पाहिले जाते.

२०२४ पूर्वीचे विजेते पुढीलप्रमाणे होते :

- ऑस्ट्रेलिया : १९८८, २००२, २०१०
- इंग्लंड : १९९८
- भारत : २०००, २००८, २०१२, २०१८, २०२२
- पाकिस्तान : २००४, २००६
- दक्षिण आफ्रिका : २०१४
- वेस्ट इंडीज : २०१६
- बांगलादेश : २०२०

पाच विजेतेपदांसह भारत हा या स्पर्धेतील सर्वांत यशस्वी संघ होता. २०१६ पासून प्रत्येक आवृत्तीत त्याने अंतिम फेरी गाठली होती. भारत आणि ऑस्ट्रेलिया यांच्यात २०१२ आणि २०१८ मध्ये अंतिम सामने झाले होते व ते दोन्ही भारताने जिंकले होते.

## यजमानपदातील बदल

या आवृत्तीचे यजमानपद मूळात श्रीलंकेकडे होते आणि स्पर्धा १३ जानेवारी ते ४ फेब्रुवारी २०२४ या काळात होणार होती. मात्र श्रीलंकेच्या क्रिकेट मंडळाच्या कारभारात सरकारी हस्तक्षेप होत असल्याच्या कारणावरून आयसीसीने १० नोव्हेंबर २०२३ रोजी त्या मंडळाचे सदस्यत्व निलंबित केले. त्यानंतर २१ नोव्हेंबर रोजी अहमदाबाद येथे झालेल्या आयसीसीच्या बैठकीत स्पर्धा दक्षिण आफ्रिकेत हलवण्याचा निर्णय झाला. श्रीलंकेच्या संघाला मात्र स्पर्धेत खेळण्याची मुभा कायम राहिली. १९९८ आणि २०२० नंतर दक्षिण आफ्रिका तिसऱ्यांदा या स्पर्धेचा यजमान ठरला.

बदलाचा निर्णय आणि पहिला सामना यांत दोन महिन्यांपेक्षा कमी अवधी होता. संथ आणि फिरकीला अनुकूल खेळपट्ट्या डोळ्यांसमोर ठेवून तयारी करणाऱ्या संघांना आता वेग आणि उसळी असलेल्या खेळपट्ट्यांवर खेळावे लागणार होते. आशियाई संघांसाठी हा बदल मोठा होता. भारतीय संघ स्पर्धेपूर्वीच दक्षिण आफ्रिकेत दाखल झाला व यजमान संघ आणि अफगाणिस्तान यांच्यासह तिरंगी मालिका खेळला.

स्पर्धेच्या तोंडावर यजमान संघातही बदल झाला. गाझामधील युद्धाच्या पार्श्वभूमीवर डेव्हिड टीगर याने केलेल्या वक्तव्यावरून निदर्शने होण्याची शक्यता असल्याचे सांगून दक्षिण आफ्रिकेच्या क्रिकेट मंडळाने त्याला कर्णधारपदावरून दूर केले. तो खेळाडू म्हणून संघात राहिला आणि नेतृत्व युआन जेम्सकडे देण्यात आले.

## सहभागी संघ आणि स्वरूप

अकरा संघांना थेट प्रवेश मिळाला होता. उर्वरित पाच संघ विभागीय पात्रता स्पर्धांतून आले. आफ्रिका विभागातून नामिबिया, आशियातून नेपाळ, युरोपातून स्कॉटलंड, अमेरिका विभागातून अमेरिकेचा संघ आणि पूर्व आशिया-प्रशांत विभागातून न्यूझीलंड पात्र ठरले.

संघांची चार गटांत विभागणी करण्यात आली :

- गट अ : भारत, बांगलादेश, आयर्लंड, अमेरिका
- गट ब : दक्षिण आफ्रिका, इंग्लंड, वेस्ट इंडीज, स्कॉटलंड
- गट क : ऑस्ट्रेलिया, श्रीलंका, झिम्बाब्वे, नामिबिया
- गट ड : पाकिस्तान, न्यूझीलंड, नेपाळ, अफगाणिस्तान

प्रत्येक गटातील पहिले तीन संघ सुपर सिक्स फेरीत गेले. ही फेरी या आवृत्तीत दोन गटांत खेळवण्यात आली. अ आणि ड गटांतील सहा संघ एका बाजूला, तर ब आणि क गटांतील सहा संघ दुसऱ्या बाजूला होते. सोबत पुढे आलेल्या आपल्याच गटातील दोन संघांविरुद्ध मिळवलेले गुण संघांना पुढे नेता आले. त्याशिवाय प्रत्येक संघाने समोरच्या गटातील दोन संघांशी सामने खेळले. सुपर सिक्सच्या प्रत्येक गटातील पहिले दोन संघ उपांत्य फेरीसाठी पात्र ठरले. गटांत तळाला राहिलेल्या चार संघांसाठी तेराव्या ते सोळाव्या क्रमांकाचे सामने ठेवण्यात आले होते.

## मैदाने

स्पर्धेचे सामने पाच शहरांत झाले :

- बेनोनी : विलोमूर पार्क (दोन्ही उपांत्य सामने व अंतिम सामना)
- ब्लूमफाँटेन : मांगाउंग ओव्हल
- पॉचेफस्ट्रूम : जेबी मार्क्स ओव्हल
- किंबर्ली : डायमंड ओव्हल
- ईस्ट लंडन : बफेलो पार्क

भारताचे साखळी व सुपर सिक्स फेरीतील पाचही सामने ब्लूमफाँटेन येथे झाले.

## भारतीय संघ

भारताच्या संघाचे नेतृत्व उदय सहारन याच्याकडे होते आणि डावखुरा फिरकी गोलंदाज सौम्य पांडे उपकर्णधार होता. आदर्श सिंग आणि अर्शिन कुलकर्णी सलामीला, मुशीर खान तिसऱ्या क्रमांकावर, तर सहारन आणि सचिन धस मधल्या फळीत खेळले. यष्टिरक्षण अरावेल्ली अवनीशने केले. वेगवान गोलंदाजीची जबाबदारी राज लिंबानी आणि नमन तिवारी यांच्यावर होती, तर मुरुगन अभिषेक हा ऑफस्पिन गोलंदाज होता. मुशीर हा डावखुरी फिरकी टाकणारा आणि अर्शिन हा मध्यमगती गोलंदाजी करणारा अष्टपैलू होता.

मुख्य प्रशिक्षक हृषीकेश कानिटकर हे महाराष्ट्राचे माजी कर्णधार आणि भारताचे माजी कसोटीपटू आहेत. जानेवारी १९९८ मध्ये ढाका येथे पाकिस्तानविरुद्धच्या अंतिम सामन्यात त्यांनी मारलेला विजयी चौकार क्रिकेटरसिकांच्या स्मरणात आहे. २०२२ मध्ये विजेतेपद मिळवणाऱ्या १९ वर्षांखालील संघाचेही ते प्रशिक्षक होते.

भारतीय खेळाडूंसाठी या स्पर्धेला आणखी एक मर्यादा असते. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने २०१६ मध्ये घेतलेल्या निर्णयानुसार कोणत्याही खेळाडूला १९ वर्षांखालील विश्वचषकात एकदाच खेळता येते. वय शिल्लक असले तरी दुसऱ्या आवृत्तीत त्याची निवड होत नाही. अधिकाधिक खेळाडूंना संधी मिळावी आणि खेळाडूने वेळेवर वरिष्ठ क्रिकेटकडे वळावे, हा यामागील हेतू आहे. यामुळे भारतीय संघ दर वेळी पूर्णपणे नवा असतो आणि प्रत्येक खेळाडूसाठी ही स्पर्धा पहिली तशीच शेवटची ठरते.

डिसेंबर २०२३ मध्ये दुबईत झालेल्या १९ वर्षांखालील आशिया चषक स्पर्धेत भारताला उपांत्य सामन्यात बांगलादेशकडून पराभव पत्करावा लागला होता. विश्वचषकातील भारताचा पहिलाच सामना त्याच बांगलादेशशी होता.

## साखळी फेरी

स्पर्धेला १९ जानेवारी रोजी सुरुवात झाली. भारताचे साखळी फेरीतील निकाल पुढीलप्रमाणे होते :

- २० जानेवारी : भारत ७ बाद २५१, बांगलादेश सर्वबाद १६७. भारत ८४ धावांनी विजयी.
- २५ जानेवारी : भारत ७ बाद ३०१, आयर्लंड सर्वबाद १००. भारत २०१ धावांनी विजयी.
- २८ जानेवारी : भारत ५ बाद ३२६, अमेरिका ८ बाद १२५. भारत २०१ धावांनी विजयी.

बांगलादेशविरुद्ध दोन गडी लवकर बाद झाल्यावर आदर्श सिंग (७६) आणि उदय सहारन (६४) यांनी डाव सावरला. सौम्य पांडेने २४ धावांत ४ बळी घेतले. आयर्लंडविरुद्ध मुशीर खानने ११८ आणि सहारनने ७५ धावा केल्या. अमेरिकेविरुद्ध अर्शिन कुलकर्णीने १०८ धावांची खेळी केली आणि मुशीरने ७३ धावा जोडल्या. नमन तिवारीने आयर्लंड आणि अमेरिका या दोन्ही संघांविरुद्ध प्रत्येकी चार बळी मिळवले.

या तिन्ही सामन्यांत वरच्या फळीने बहुतेक षटके खेळून काढल्यामुळे सचिन धसला अखेरच्या षटकांतच फलंदाजी मिळाली. बांगलादेशविरुद्ध नाबाद २६, आयर्लंडविरुद्ध अवघ्या ९ चेंडूंत नाबाद २१ आणि अमेरिकेविरुद्ध २० अशा त्याच्या धावा होत्या. या टप्प्यापर्यंत त्याची भूमिका डावाला अखेरीस गती देणाऱ्या फलंदाजाची होती.

इतर गटांत ऑस्ट्रेलिया आणि पाकिस्तान यांनी वर्चस्व राखले. गट ब मध्ये दक्षिण आफ्रिका, वेस्ट इंडीज आणि इंग्लंड यांनी एकमेकांविरुद्ध प्रत्येकी एक विजय मिळवला. गट ड मध्ये नेपाळने अफगाणिस्तानवर एका गड्याने निसटता विजय मिळवून सुपर सिक्समध्ये प्रवेश केला, तर अफगाणिस्तानचे आव्हान साखळीतच संपले.

## सुपर सिक्स फेरी

३० जानेवारी रोजी भारताने न्यूझीलंडचा २१४ धावांनी पराभव केला. मुशीर खानच्या १३१ धावांच्या बळावर भारताने ८ बाद २९५ धावा केल्या आणि न्यूझीलंडचा डाव ८१ धावांत आटोपला. मुशीरचे हे स्पर्धेतील दुसरे शतक होते. सौम्य पांडेने १९ धावांत ४ बळी घेतले. सचिन धस या सामन्यात १५ धावांवर बाद झाला.

२ फेब्रुवारी रोजी नेपाळविरुद्ध प्रथमच भारताची वरची फळी लवकर परतली. ६२ धावांत तीन गडी बाद झाल्यावर सचिन धस कर्णधार सहारनच्या साथीला आला. या दोघांनी चौथ्या गड्यासाठी २१५ धावांची भागीदारी केली. सचिनने १०१ चेंडूंत ११६ धावा केल्या व त्यात ११ चौकार आणि ३ षटकार होते. सहारनने १०७ चेंडूंत १०० धावा केल्या. भारताने ५ बाद २९७ धावा उभारल्या आणि नेपाळला ९ बाद १६५ धावांवर रोखून १३२ धावांनी विजय मिळवला. सौम्य पांडेने या सामन्यातही चार बळी घेतले.

दुसऱ्याच दिवशी बेनोनी येथे पाकिस्तान आणि बांगलादेश यांच्यात उपांत्य फेरीसाठी निर्णायक सामना झाला. पाकिस्तानचा डाव १५५ धावांत संपल्यानंतर धावगतीच्या हिशेबाने बांगलादेशला हे लक्ष्य ३८.१ षटकांत गाठणे आवश्यक होते. मात्र उबैद शाहने पाच बळी घेत बांगलादेशला १५० धावांत गुंडाळले आणि पाकिस्तान ५ धावांनी विजयी झाला. भारत व पाकिस्तान एका गटातून, तर ऑस्ट्रेलिया व दक्षिण आफ्रिका दुसऱ्या गटातून उपांत्य फेरीत पोहोचले.

## उपांत्य फेरी

### भारत – दक्षिण आफ्रिका

पहिला उपांत्य सामना ६ फेब्रुवारी रोजी झाला. भारताने नाणेफेक जिंकून क्षेत्ररक्षण स्वीकारले. लुआन-ड्रे प्रिटोरियस (७६) आणि रिचर्ड सेलेट्सवाने (६४) यांच्या अर्धशतकांमुळे दक्षिण आफ्रिकेने ७ बाद २४४ धावा केल्या. राज लिंबानीने ३ आणि मुशीर खानने २ गडी बाद केले.

पाठलाग करताना भारताची सुरुवात अत्यंत खराब झाली. डावखुरा वेगवान गोलंदाज क्वेना मफाकाने डावाच्या पहिल्याच चेंडूवर आदर्श सिंगला बाद केले. त्यानंतर मुशीर खान, अर्शिन कुलकर्णी आणि प्रियांशु मोलिया हेही लवकर परतले आणि भारताची अवस्था ४ बाद ३२ झाली. स्पर्धेत प्रथमच पराभव समोर दिसत असताना सहाव्या क्रमांकावर सचिन धस खेळायला आला.

पुढील भागीदारीत दोन फलंदाजांनी दोन वेगळ्या भूमिका घेतल्या. सहारनने एक बाजू धरून ठेवत १२४ चेंडूंत ८१ धावा केल्या. सचिनने मात्र दबावाखाली बचावात न जाता धावगती टिकवून ठेवली. या दोघांनी पाचव्या गड्यासाठी १७१ धावा जोडल्या आणि धावसंख्या २०३ पर्यंत नेली. तेथे सचिन ९५ चेंडूंत ९६ धावांवर बाद झाला. त्याने ११ चौकार आणि एक षटकार मारला होता. शतक चार धावांनी हुकले, परंतु सामना भारताच्या आवाक्यात आला होता.

त्यानंतरही सामन्याला नाट्यमय वळण मिळाले. आणखी गडी बाद झाले आणि धावसंख्या बरोबरीत असताना सहारन धावबाद झाला. अखेर राज लिंबानीने चौकार मारून ४८.५ षटकांत ८ बाद २४८ अशी धावसंख्या केली आणि भारत दोन गडी व सात चेंडू राखून विजयी झाला. मफाका आणि ट्रिस्टन लूस यांनी प्रत्येकी तीन बळी घेतले. सहारन सामनावीर ठरला. भारताने सलग पाचव्यांदा अंतिम फेरी गाठली.

### ऑस्ट्रेलिया – पाकिस्तान

८ फेब्रुवारी रोजी झालेला दुसरा उपांत्य सामना याहून अधिक चुरशीचा झाला. टॉम स्ट्रेकरने २४ धावांत ६ बळी घेऊन पाकिस्तानला १७९ धावांत रोखले. अली रझाच्या चार बळींमुळे ऑस्ट्रेलियाचाही डाव कोसळला. मात्र अखेरच्या जोडीने ४९.१ षटकांत ९ बाद १८१ धावा करून एका गड्याने विजय खेचून आणला.

## अंतिम सामना

११ फेब्रुवारी रोजी बेनोनीच्या विलोमूर पार्कवर अंतिम सामना झाला. ऑस्ट्रेलियाचा कर्णधार ह्यू वेबगेन याने नाणेफेक जिंकून फलंदाजी घेतली. राज लिंबानीने सॅम कोन्स्टासला शून्यावर बाद करून चांगली सुरुवात करून दिली. त्यानंतर हॅरी डिक्सन (४२) आणि वेबगेन (४८) यांनी डाव स्थिरावला. मधल्या फळीत भारतीय वंशाच्या हरजस सिंगने ५५ धावा केल्या व अखेरीस ऑलिव्हर पीकने नाबाद ४६ धावा जोडल्या. लिंबानीने ३८ धावांत ३ बळी घेतले. ऑस्ट्रेलियाची ७ बाद २५३ ही धावसंख्या १९ वर्षांखालील विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातील तोपर्यंतची सर्वोच्च धावसंख्या ठरली.

उसळी घेणाऱ्या खेळपट्टीवर भारतीय फलंदाजांना मोठ्या भागीदाऱ्या करता आल्या नाहीत. अर्शिन कुलकर्णी ३, मुशीर खान २२ आणि उदय सहारन ८ धावांवर बाद झाले. उपांत्य सामन्याप्रमाणे सचिन धस आणि सहारन यांची जोडी जमण्याची संधीच मिळाली नाही, कारण सचिन येण्यापूर्वी सहारन बाद झाला होता. सचिनने ९ धावा केल्या. फिरकी गोलंदाज राफ मॅकमिलनने त्याला यष्टीमागे झेलबाद केले. सलामीवीर आदर्श सिंगने ४७ आणि तळातील मुरुगन अभिषेकने ४२ धावा करून प्रतिकार केला, परंतु भारताचा डाव ४३.५ षटकांत १७४ धावांत आटोपला. १५ धावांत ३ बळी घेणारा वेगवान गोलंदाज माहली बियर्डमन सामनावीर ठरला. मॅकमिलननेही तीन बळी घेतले.

संपूर्ण स्पर्धेत भारताचा हा एकमेव पराभव होता. जून २०२३ मधील जागतिक कसोटी अजिंक्यपद सामना आणि नोव्हेंबर २०२३ मधील एकदिवसीय विश्वचषकाचा अंतिम सामना यांपाठोपाठ एका वर्षाच्या आत ऑस्ट्रेलियाने अंतिम सामन्यात भारताला पराभूत करण्याची ही तिसरी वेळ होती. पहिले दोन सामने वरिष्ठ संघांतील होते.

## आकडेवारी

सर्वाधिक धावा करणारे फलंदाज :

- उदय सहारन (भारत) : ३९७
- मुशीर खान (भारत) : ३६०
- हॅरी डिक्सन (ऑस्ट्रेलिया) : ३०९
- ह्यू वेबगेन (ऑस्ट्रेलिया) : ३०४
- सचिन धस (भारत) : ३०३

गोलंदाजांत क्वेना मफाकाने २१ बळी मिळवले व एका डावात पाच किंवा अधिक बळी घेण्याची कामगिरी तीनदा केली. सौम्य पांडे आणि पाकिस्तानचा उबैद शाह यांनी प्रत्येकी १८ बळी घेतले.

स्पर्धा संपल्यावर आयसीसीने जाहीर केलेल्या सर्वोत्तम संघात उदय सहारन, मुशीर खान, सचिन धस आणि सौम्य पांडे या चार भारतीयांचा समावेश होता. या संघाचे कर्णधारपद वेबगेनला देण्यात आले.

सचिन धसने सात सामन्यांत दोन वेळा नाबाद राहून ६०.६० च्या सरासरीने धावा केल्या. त्याच्या ३०३ धावांपैकी २१२ धावा केवळ दोन डावांत आल्या, आणि ते दोन्ही डाव वरची फळी कोसळलेली असताना खेळले गेले.

## बीड जिल्हा आणि ही स्पर्धा

बीड हा मराठवाड्यातील अकरा तालुक्यांचा जिल्हा आहे. २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या २५,८५,०४९ होती. वारंवार पडणारा दुष्काळ आणि ऊसतोडणीसाठी दरवर्षी होणारे मजुरांचे स्थलांतर यांसाठी हा जिल्हा राज्यभर ओळखला जातो. ही स्पर्धा झाली तेव्हा बीड शहर रेल्वेने जोडलेले नव्हते. जिल्ह्याने क्रीडाक्षेत्राला मात्र राष्ट्रीय पातळीवरील नावे दिली आहेत. भारतातर्फे १२ कसोटी सामने खेळलेले अष्टपैलू संजय बांगर यांचा जन्म बीडचा आहे, तर २०२३ च्या हांगझोऊ आशियाई खेळांत ३,००० मीटर स्टीपलचेस शर्यतीत सुवर्णपदक जिंकणारा अविनाश साबळे आष्टी तालुक्यातील मांडवा गावचा आहे.

महाराष्ट्र राज्यात क्रिकेटच्या तीन स्वतंत्र संघटना आहेत. मुंबई आणि विदर्भ वगळता उर्वरित जिल्हे पुण्यात मुख्यालय असलेल्या महाराष्ट्र क्रिकेट संघटनेच्या अखत्यारीत येतात. बीडही त्यांपैकीच आहे. जिल्ह्यातील मुलाला आधी जिल्हा संघ, मग संघटनेच्या निमंत्रितांच्या स्पर्धा आणि निवड चाचण्या, त्यानंतर १६ वर्षांखालील विजय मर्चंट करंडक, १९ वर्षांखालील विनू मांकड करंडक आणि कूचबिहार करंडक अशा पायऱ्या चढाव्या लागतात. या प्रवासातील बहुतेक टप्पे दोनशे किलोमीटरहून अधिक दूर असलेल्या पुण्यात किंवा त्याही पलीकडे असतात. पुण्या-मुंबईतील खेळाडूला रोजच्या सरावात मिळणारी गवती खेळपट्टी जिल्ह्याच्या गावी सहज मिळत नाही.

२००५ मध्ये जन्मलेल्या सचिन धसचे क्रिकेट याच परिस्थितीत घडले. त्याचे नाव सचिन तेंडुलकर यांच्या नावावरून ठेवण्यात आले आणि तोही १० क्रमांकाची जर्सी वापरतो. बीडमधील त्याचा बराचसा सराव अर्ध्या टर्फ खेळपट्टीवर, म्हणजे खेळपट्टीचा केवळ काही भाग गवती असलेल्या जागेवर झाला. दक्षिण आफ्रिकेतील पूर्ण लांबीच्या, वेग आणि उसळी असलेल्या खेळपट्ट्यांवर त्याने केलेल्या धावांना यामुळे वेगळे महत्त्व प्राप्त होते.

मराठवाड्यातून या स्पर्धेत चमकलेला तो पहिला खेळाडू नव्हता. जालन्याचा विजय झोल २०१२ च्या विजेत्या संघात होता आणि २०१४ मध्ये त्याने भारताचे नेतृत्व केले. एका खेळाडूने एकदाच खेळण्याचा नियम तेव्हा लागू झालेला नव्हता. २०२२ च्या विजेत्या संघातील वेगवान गोलंदाज राजवर्धन हंगरगेकर हा बीडला लागून असलेल्या धाराशिव जिल्ह्यातील तुळजापूरचा आहे. बारा वर्षांच्या काळात जालना, धाराशिव आणि बीड या तीन जिल्ह्यांतून खेळाडू या स्पर्धेपर्यंत पोहोचले. जिल्हा पातळीवर खेळपट्ट्या व प्रशिक्षण यांच्या सोयी मर्यादित असतानाही वयोगटांच्या स्पर्धांची साखळी गुणवान खेळाडूला वर आणू शकते, हे यातून दिसते. त्याचबरोबर या तिघांनाही पुढील प्रगतीसाठी जिल्ह्याबाहेरील सुविधांवर अवलंबून राहावे लागले, ही या व्यवस्थेची दुसरी बाजू आहे.

## नंतरची वाटचाल

स्पर्धेनंतर काही आठवड्यांतच मुशीर खानने रणजी करंडकात मुंबईकडून बडोद्याविरुद्ध उपांत्यपूर्व सामन्यात नाबाद २०३ आणि विदर्भाविरुद्धच्या अंतिम सामन्यात १३६ धावा केल्या. त्या वर्षीचा रणजी करंडक मुंबईने जिंकला. अर्शिन कुलकर्णी २०२४ च्या इंडियन प्रीमियर लीगमध्ये लखनौ सुपर जायंट्सच्या संघात होता. सचिन धसने २०२४-२५ च्या हंगामात महाराष्ट्राच्या वरिष्ठ संघातून रणजी करंडकात खेळण्यास सुरुवात केली.

क्वेना मफाका मार्च २०२४ मध्ये मुंबई इंडियन्सकडून खेळला. अंतिम सामन्यात शून्यावर बाद झालेल्या सॅम कोन्स्टासने त्याच वर्षी २६ डिसेंबरला मेलबर्न येथे भारताविरुद्ध कसोटी पदार्पण करून पहिल्याच डावात ६० धावा केल्या.

पुढील, म्हणजे २०२६ च्या आवृत्तीचे यजमानपद झिम्बाब्वे आणि नामिबिया यांना संयुक्तपणे देण्यात आले. एकदाच खेळण्याच्या नियमामुळे २०२४ च्या संघातील एकही भारतीय खेळाडू त्या स्पर्धेसाठी पात्र राहिला नाही.